बांधाच्या आतले बिराजदार सर

बिराजदार सरांसमोर कुणी खायला काही ठेवलं, की ते आधी त्या वस्तूकडे बघायचे, मग ठेवणाऱ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "हे कुठून आलं?" स्टाफरूममध्ये कुणाचा मुलगा पास झाल्याचा पेढा असो, नाहीतर कुणाच्या साखरपुड्याचा लाडू. दुकानाचं नाव सांगून त्यांचं समाधान होत नसे. दूध कुठलं, साखर कुठली, वेलदोडा कुठला, इथवर चौकशी जायची आणि तोवर बाकीच्यांनी पेढे संपवलेले असायचे. बिस्किटांचा पुडा आला तर चष्मा कपाळावर चढवून ते त्याची मागची बाजू वाचत. कारखाना दुसऱ्या राज्यातला निघाला की कॉपी करणारा पोरगा सापडल्यासारखं "बघा" म्हणत, आणि मग बिस्किट खात. खात मात्र नक्की.

ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. सोलापुरातल्या आमच्या शाळेत आम्हा दोघांची टेबलं शेजारी होती, त्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञान माझ्याइतकं कुणीच ऐकलेलं नाही. तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं. माणसानं आपल्या बांधाच्या आत पिकेल तेवढंच खावं. हे सांगणाऱ्या माणसाचं त्या वेळी जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर घर होतं, आणि गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेली कोथिंबीर एवढीच काय ती शेती होती. पण ते गॅलरीला 'आमचं रान' म्हणत. "आज रानात पाणी द्यायचं राहिलं," असं ते म्हणाले की नवीन आलेल्या शिक्षकांना वाटायचं, सरांचा शेतीचा बराच बारदाना आहे.

आम्हाला वाटलं होतं, निवृत्त झाले की हे खूळ आपोआप ओसरेल. झालं उलटंच. निरोपसमारंभात सर शाळेविषयी दोन वाक्यं बोलले आणि उरलेला वेळ शेणखताविषयी. महिन्याभरात कळलं की त्यांनी होटगीच्या अलीकडे दोन एकर जमीन घेतली आहे. तिच्यात एक विहीर होती, बांधावर एक चिंच आणि एक हिंगणबेटाचं झाड होतं, आणि पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. फ्लॅटला कुलूप लावून सर वहिनींना घेऊन तिकडे राहायला गेले.

वहिनींना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न आम्हा बायकांना पडला. त्याचं उत्तर मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हाच मिळालं. महानंदावहिनी अक्कलकोटच्या बाजूच्या. लहानपणी डोक्यावरून पाणी वाहून, शेळ्या राखून आणि खुरपणी करून त्यांचा जीव कावला होता. माझ्यासाठी भाकरी थापता थापता त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "रान सुटावं म्हणून मास्तर नवरा केला, बाई. आन मास्तरनंच रानात आणून घातलं." सर बाहेर अंबाडीच्या वाखाची दोरी वळत बसले होते. त्यांनी ऐकलं असणार, पण दोरीचा पीळ काही सुटला नाही.

रिकामे हात त्यांना ठाऊकच नव्हते. बोलताना दोरी वळायची, नाहीतर शेंगा सोलायच्या, नाहीतर वाळल्या बोंडातली सरकी काढून कापसाच्या वाती करायच्या. आलेल्या पाहुण्याच्याही हातात काहीतरी द्यायचे. मी तिथे गेले आणि तुरीच्या शेंगा सोलल्या नाहीत असं कधी झालं नाही. निघताना सोललेल्यांतले मूठभर दाणे मला देत आणि वर म्हणत, "खात्रीचे आहेत."

बांधाचा कायदा कडक होता. पोटात जाईल ते आणि अंगाला लागेल ते बांधाच्या आतलंच पाहिजे. चष्म्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, तो खायचा नसतो. दात घासायला गोवरीची राखुंडी. कपाळाला विभूती, तीही घरच्या गाईच्या शेणाची. कपडे हिंगणबेटाच्या फळांनी धुवायचे. त्या धुण्यानं सरांचे सगळे पांढरे सदरे हळूहळू एकाच मातकट रंगावर येऊन थांबले आणि वहिनींना कुठला उन्हात घालू, कुठला घडी करून ठेवू, हेच कळेनासं झालं. करडई मात्र होटगीच्या घाण्यावर जायची. ती बांधाच्या बाहेर जाऊन तेल होऊन परत आली तर तिला बाहेरची म्हणायचं नाही, असा एक पोटनियम होता. असे पोटनियम सर गरजेप्रमाणे करायचे, पण स्वतःच्या सोयीसाठी कधी नाही, हे मला त्यातलं आवडायचं.

बांधावरच्या चिंचेचं प्रकरण तर मी सगळ्यांना सांगत असे. झाड नेमकं बांधावर, अर्ध्या फांद्या शेजारच्या सुगलाबाईच्या शेतावर. सुगलाबाई त्या वस्तीवर एकटीच राहणारी, हाडापेरानं मजबूत आणि तोंडानं त्याहून मजबूत. ती सांगायची, मास्तर, सगळी चिंच घ्या, मला काय करायची आहे. सरांनी ऐकलं नाही. आपल्या बाजूला पडलेली तेवढी वेचायची आणि पलीकडे पडलेली तशीच ठेवायची. वारा पलीकडे असला की सर दारात उभे राहून चिंचा पडताना बघत आणि हळहळत.

पहिल्या वर्षी त्यांनी गूळ केला. विहिरीच्या कडेला थोडा ऊस लावला, तो खलबत्त्यात कुटून रस काढला आणि घरच्याच कढईत दिवसभर आटवत बसले. विज्ञान शिकवलेलं असल्यामुळे किती तापमानाला काय होतं ते त्यांना तोंडपाठ होतं. गुळाला ते ठाऊक नव्हतं. जे तयार झालं ते काळं, चकचकीत होतं आणि फोडायला पहार लागली. सरांनी ते ताटलीत घालून मला दिलं. मी खडा गालात धरला आणि घरी पोचेपर्यंत तो तसाच होता.

खरी पंचाईत होती चहाची. सोलापूरच्या उन्हात चहाचं झाड येणं शक्यच नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी चहा बंद झाला. सर गवती चहा आणि तुळस उकळून त्यात तो गूळ घालायचे आणि तेच मिटक्या मारत प्यायचे. वहिनींना मात्र खरा चहा लागायचा. दुपारी डोकं धरायचं. मग त्यांनी एक वाट काढली. दुपार झाली की पदर खोचून म्हणायच्या, सुगलाबाईची शेळी गाभण आहे, जरा बघून येते. बांध ओलांडला की पलीकडे चुलीवर चहा तयार असायचा.

ती शेळी पावसाळ्यात गाभण होती, दिवाळीत होती, शिमग्यालाही होती. वहिनी परत आल्या की सर विचारायचे, "व्याली का?" वहिनी म्हणायच्या, "अजून न्हाय." दोघांचेही चेहरे सरळ. एकदा मी तिथे असताना पाऊस लागून राहिला आणि वहिनींना बाहेर पडता येईना. त्या कपाळ दाबत बसल्या होत्या. तेव्हा सरच उठले, पोतं डोक्यावर घ्यायला दिलं आणि म्हणाले, शेळीचं बघून ये, अवघडली असेल. कळूनसवरून किती छान न कळल्यासारखं करता येतं, हे मी त्या घरात पाहिलं.

पण पाण्याचं असं हसण्यावारी नेता येत नव्हतं. सरांनी विहिरीवर मोटार बसवू दिली नव्हती. मोटारीनं पाणी ओढलं की माणूस विहिरीत डोकावून बघत नाही आणि मग एक दिवस विहीर तळ दाखवते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रहाटानं शेंदायचं. झाडांना सर घालायचे, घरातलं वहिनी आणायच्या. वहिनींचे गुडघे आधीच दुखरे. दुसऱ्या हिवाळ्यात त्या भरल्या घागरीसकट विहिरीच्या काठाशी घसरल्या. सुदैवानं बाहेरच्या बाजूला पडल्या. महिनाभर खाटेवर होत्या आणि त्या महिन्यात त्या कानडीत जे काही पुटपुटत ते मला समजत नसलं तरी कुणाविषयी आहे ते समजायचं.

त्यांचा मुलगा महेश पुण्याहून आला. दोघांना फ्लॅटवर परत नेतो म्हणाला. वहिनी लगेच तयार झाल्या. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात नळ होता. त्याला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे त्यांना माहीत होतं, पण आलं की ते ओट्यापर्यंत स्वतः चालत येतं, एवढं त्यांना पुरे होतं. सर उठले. बाहेर जाऊन गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. शिकवताना त्यांचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. त्या माणसाला असं गप्प बघणं मला जड गेलं, आणि वहिनींनाही गेलं असावं.

कारण त्यानंतर वहिनींनीच पैज घातली. दोन दिवसांवर वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, होती. आमच्या इकडे त्या दिवशी शेतात कडब्याची खोप करून लक्ष्मी मांडतात, ज्वारीची आंबील, सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे असं करतात आणि दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवतात. वहिनी म्हणाल्या, यंदाची होऊ द्या. पुढच्या येळवशीला पंगतीतली एकूण एक वस्तू बांधाच्या आतली पाहिजे, आणि माणसं पोटभर जेवून उठली पाहिजेत. तसं झालं तर मी जन्मभर हितंच राहीन, परत नाव काढणार नाही. एक जरी वस्तू बाहेरची निघाली तर संक्रांतीला फ्लॅटवर. सरांनी मान्य केलं. पंच म्हणून मला नेमलं. मी म्हटलं, मला यात घेऊ नका. पण तोवर सरांनी माझ्या हातात शेंगा दिल्या होत्या.

ते वर्ष सर एखाद्या पोराला बोर्डाची परीक्षा असावी तसे वागले. पाणी मात्र त्या दिवसापासून घरातलंही तेच शेंदायला लागले. ज्वारी, बाजरी, खिरीला गहू, तूर, हरभरा, पावटा, तीळ, मिरची, हळद, धने, लसूण, सगळं लावलं. आंबिलीला ताक हवं म्हणून गाईची मनधरणी सुरू झाली. गूळ तिसऱ्या प्रयत्नात गुळासारखा झाला. चिंचेखाली पहाटेपासून वाऱ्याकडे बघत बसायचं. मी गेले की मला रानातून फिरवून एकेक झाड दाखवत आणि परीक्षकाला दाखवतात तशा आदबीनं विचारत, "बाई, काही राहिलं का?" मी मराठीची मास्तरीण, मला काय सांगता येणार. मी म्हणे, सगळं दिसतंय. वहिनी दारात बसून हे ऐकत आणि काहीच बोलत नसत. त्यांचं न बोलणं मला तेव्हा साधं वाटलं होतं.

वेळ अमावस्येला मी सकाळीच पोचले. खोप सुरेख झाली होती. हिरव्या रानात वाऱ्यावर हरभऱ्याचा वास होता. महेश आणि त्याची बायको पुण्याहून आली होती, आसपासच्या वस्त्यांवरची मंडळी यायला लागली होती, आणि सुगलाबाई उंडे वळत बसली होती. मोठ्या पातेल्यात भज्जी रटरटत होती. सर धुतलेला मातकट सदरा आणि विभूती लावून सगळीकडे फिरत होते. इतके आनंदात मी त्यांना शाळेत कधी पाहिलं नव्हतं. जिंकल्यातच जमा होतं.

तेव्हा वहिनी घरातून एक पितळी डबा घेऊन आल्या. पातेल्याजवळ उभ्या राहिल्या, झाकण काढलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरांना विचारलं, "मीठ किती घालू?"

सरांनी डब्यात बघितलं. ज्या माणसानं जन्मभर फळ्यावर मिठाचं सूत्र लिहिलं, ते पोरांकडून घोकून घेतलं, त्याला वर्षभरात मीठ म्हणून काही असतं हे एकदाही आठवलं नव्हतं. भाजी-आमटी त्यांनी कधी केली नव्हती. जेवणात मीठ असायचंच, जसा दिवस उजाडायचाच. सवयीनं त्यांच्या तोंडून आलं, "हे कुठून आलं?"

"सुगलाबाईच्या शेळीकडनं," वहिनी म्हणाल्या.

सगळे पंचाकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायला लागले. महेश म्हणाला, अप्पा, मीठ धरू नका, मिठाला काय अर्थ आहे. मलाही तेच म्हणायचं होतं आणि मी तोंड उघडलंही होतं. पण सरांनी हातानं थांबवलं. वहिनींच्या हातातला डबा घेतला, झाकण लावलं, तुरीच्या ओळीतून सावकाश चालत गेले आणि तो डबा बांधाच्या पलीकडे, सुगलाबाईच्या हद्दीत ठेवून आले. परत येऊन म्हणाले, "वाढा."

पंगत बसली. भज्जी अळणी, आंबील अळणी, उंडे अळणी. माणसं भली होती. एका म्हाताऱ्यानं भज्जीचा घास घेतला, जरा थांबला आणि मग पुढ्यातली मिरची कचाकचा चावली. खीर तेवढी सगळ्यांनी परत परत मागितली. सर पंगतीच्या टोकाला बसले होते आणि मान खाली घालून एकेक घास गिळत होते. माणसं अर्धपोटी उठणार हे त्यांना दिसत होतं. बांध राखला होता आणि पंगत हातची चालली होती.

वहिनी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून बांधापर्यंत गेल्या, डबा उचलून आणला आणि पहिल्या पानापासून चिमूट चिमूट मीठ वाढत निघाल्या. माणसांनी भाकरी मोडायला सुरुवात केली. पंगतीत जेवणाचा नेहमीचा आवाज यायला लागला. सगळ्यात शेवटी त्या सरांच्या पानापाशी आल्या. सरांनी पानावर हात आडवा धरला आणि हळूच म्हणाले, "जिंकलीस तू. संक्रांतीला जाऊ."

वहिनींनी डब्यातून चिमूट उचलली. मग म्हणाल्या, "मी तरी कुटं तुमच्या बांधात उगवले हुते? आणलंच की मला बाहेरनं. काढा हात."

सरांनी हात काढला.

दुपारी भांडी घासताना मी वहिनींना विचारलं, मीठ तुम्हाला कधी सुचलं. म्हणाल्या, "पैज घातली त्याच दिवशी. वर्षभर दातावर दात ठिवून बसले." मग पातेलं घासता घासता म्हणाल्या, "मला वाटलं, हे भांडतील. मीठ धरायचं न्हाय म्हणतील. तसं म्हनले असते तर मी खरंच गेले असते बघा. पर हे उठून आपल्या हातानं बाहेर ठिवून आले." त्यांनी पातेलं उपडं घातलं आणि डोळे मनगटानं पुसले. मलाही भरून आलं होतं, ते मी राखेवर ढकललं.

त्या गेल्या नाहीत. पण फुकटही राहिल्या नाहीत. महेशला बोलावून सांगितलं की फ्लॅटची चावी तुझ्याकडेच ठेव, मात्र स्वयंपाकघरात नळ पाहिजे आणि या घरात चहा झाला पाहिजे, उघडपणे. सरांनी मोटारीला तेवढी एक अट घातली, की ती उन्हावर चालणारी पाहिजे, कारण ऊन तरी बांधाच्या आतलं आहे. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला यावर काही बोलता येत नाही. नळ आला, आणि रोज पाणी ओढण्याआधी सर विहिरीत डोकावून बघत राहिले. चहाही आला. त्या आठवड्यात सुगलाबाईच्या शेळीला पिल्लं झाल्याचं सरांनी मला फोन करून कळवलं. शेळी मुळात होती की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास नाही. वहिनी अजून तिथेच आहेत. महेश बोलावतो, तर म्हणतात, चिंच पडायला लागली की बघू. मी गेले की माझ्या हातात शेंगा देतात.

पण मला सर दिसतात ते त्यांच्या शेवटच्या वेळ अमावस्येचे. पंगत मोठी होती. वहिनी खोपीच्या सावलीत पाय पसरून, हातात चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. आणि त्या मातकट सदऱ्यातले सर तो पितळी डबा घेऊन, वाकून वाकून, प्रत्येकाच्या पानात मीठ वाढत येत होते. माझ्यापाशी आले तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, हे कुठून आलं?"

सर थांबले. वर्गात कुणी चांगला प्रश्न विचारला की थांबायचे तसेच. खोपीकडे बघत, तिथे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाहेरून आलंय, बाई. हिच्यासारखं."

"वाढा की," तिकडून आवाज आला, "लोकं थांबल्यात." सरांनी माझ्या पानात चिमूटभर मीठ ठेवलं आणि पुढच्या पानाकडे गेले.